निदान बदललं, म्हणजे पहिलं चुकलंच का?

प्रश्न : भावाला एका डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, दुसऱ्यांनी बायपोलर. खरं कोणतं मानायचं? – एक वाचक, नेकनूर (जि. बीड)

उत्तर : बायपोलरची सुरुवात पुष्कळदा उदासीनेच होते, उन्मादाचा काळ दिसेपर्यंत पहिलं निदान नैराश्याचंच होतं. रक्त तपासून हे ठरत नाही. मग हा नुसता अंदाजच का? नाही, निदान उभं राहतं ते पूर्ण इतिहासावर, आणि तोच घरचे तुटक सांगतात. उन्मादाची लक्षणं, म्हणजे झोप नसतानाही उत्साह, उधळपट्टी, अखंड बडबड, कधी होती, ते तारखांसह लिहा. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला आपली कागदपत्रं मागता येतात. ती घेऊन अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जा. नुसत्या नैराश्याच्या गोळीने बायपोलरमध्ये उन्माद उसळू शकतो, म्हणून दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या दाखवाच. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका.