घाममाशीची नवी जात : ओळख, नाव आणि आपला बांध

वांग्याच्या किंवा बियाण्याच्या कांद्याच्या प्लॉटमध्ये उन्हात काम करताना मनगटावर, मानेवर एखादी बारीक काळी किंवा हिरवट चमकणारी माशी येऊन बसते, घाम चाटते आणि उडून जाते. बहुतेक शेतकरी तिला चिलट समजून झटकतात. प्रत्यक्षात ती मधमाशीच्या नात्यातील असते. घामातील क्षारांसाठी ती अंगावर येते. म्हणून तिला घाममाशी म्हणू. शास्त्रीय भाषेत या कुळाचे नाव हॅलिक्टिडी. जगात मधमाश्यांच्या सुमारे वीस हजार जाती ज्ञात आहेत, त्यांपैकी साडेचार हजारांच्या आसपास या एकाच कुळातील आहेत. येथे जात म्हणजे कापसाचे वा तुरीचे वाण नव्हे. निसर्गात आपापसातच प्रजनन करणारा स्वतंत्र गट, असा अर्थ घ्यावा.

या माश्या पोळे बांधत नाहीत आणि मधही देत नाहीत. बहुतेक जातींची मादी जमिनीत पेन्सिलीच्या जाडीचे किंवा त्याहून बारीक बीळ खणते. तोंडाशी मातीचा लहानसा ढीग दिसतो, तो मुंग्यांचा समजून आपण दुर्लक्ष करतो. बिळाला फांद्यांसारख्या कोठड्या असतात. कोठडीला आतून पाणी न लागणारा लेप दिला जातो, परागकण व मकरंद यांचा गोळा ठेवून त्यावर एक अंडे घातले जाते आणि कोठडी बंद होते. पिलाची सारी शिदोरी तेवढीच. काही जातींत राणी व कामकरी असा लहानसा संसारही आढळतो. दंश सौम्य असतो आणि तोही माशी बोटात चिमटली तरच.

आता नव्या जातीकडे वळू. नवी जात घनदाट अरण्यातच सापडते असा समज आहे. २०११ साली जेसन गिब्ज या कीटकशास्त्रज्ञाने उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील घाममाश्यांचा आढावा प्रसिद्ध केला व त्यात अकरा नव्या जातींचे वर्णन केले. त्यांतील एक, लॅसिओग्लॉसम गोथॅम, न्यूयॉर्कसारख्या महानगरात, ब्रुकलिनच्या वनस्पती उद्यानात सापडलेली आहे. 'गोथॅम' हे त्या शहराचेच टोपणनाव. लाखो लोक जेथून जातात तेथील ही माशी तोवर निनावी होती, कारण तिच्या बहिणी अगदी तिच्यासारख्याच दिसतात. लॅसिओग्लॉसम या एकाच प्रजातीत सतराशेहून अधिक जाती आहेत! न्यूयॉर्कच्या बागेत हे घडू शकते, तर आपल्या हिमायतबागेतील फुलांकडे किंवा पैठण, खुलताबादकडील बांधांकडे नुसते बारीक किडे म्हणून पाहणे बरे नव्हे.

वर्णन करायचे म्हणजे काय करतात? फुलावरून जाळीने माशी पकडतात, किंवा साबणाचे पाणी घातलेल्या पिवळ्या, पांढऱ्या, निळ्या वाट्या शेतात ठेवतात. नमुना टाचणीवर लावून त्याखाली चिठ्ठी जोडतात : गाव, तारीख, कोणत्या फुलावर, कोणी गोळा केला. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी अभ्यासाला जवळपास निरुपयोगी, हे आमच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगावे लागते. मग सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते. पुढच्या पंखातील एक शीर धनुष्यासारखी वाकलेली दिसली की माशी बहुधा याच कुळातील. त्यानंतर छातीवरील बारीक खळगे किती दाट, पोटावरील केसांचे पट्टे कसे, नराच्या जननेंद्रियाची ठेवण कशी, हे पाहतात. नर व मादी इतके वेगळे दिसतात की पूर्वी एकाच जातीला दोन नावे पडण्याचे प्रसंग आले. आता जनुकांच्या चाचणीने जोडी जुळवणे सोपे झाले आहे. जुन्या नमुन्यांशी व ग्रंथांशी ताडून पाहावे लागते. भारतासाठी बिंगहॅम यांचा १८९७ चा ग्रंथ आजही उघडावा लागतो, यावरून हे काम किती मागे पडले आहे ते समजावे. सर्व कसोट्यांनंतर एक नमुना त्या नावाचा कायमचा आधार म्हणून संग्रहालयात ठेवतात आणि वर्णन प्रसिद्ध करतात.

नाव ठेवून शेतकऱ्याच्या पदरात काय पडते, असा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतील नोमिया मेलँडेरी या घाममाशीला कॉकरेल यांनी १९०६ मध्ये नाव दिले. लसूणघासाचे फूल माशीने उघडल्याशिवाय बी धरत नाही, आणि पाळीव मधमाशी ते काम टाळते. ही माशी मात्र ते नेटाने करते. वॉशिंग्टन राज्यातील बीजोत्पादक शेतकरी आज तिच्यासाठी क्षारयुक्त, ओलसर जमिनीचे वाफे मुद्दाम राखतात. माशी नेमकी कोणती, तिला कसली जमीन लागते, हे नावानिशी नोंदले गेले नसते तर एका शेतातील अनुभव दुसऱ्याच्या कामी आला नसता.

आपल्याकडे वांगे व टोमॅटोच्या फुलात परागकण पुंकेसराच्या टोकाच्या किंवा फटीच्या आत अडकलेले असतात. पाळीव मधमाशीला ते झटकता येत नाहीत. नोमिया गटातील घाममाश्या व भुंगे फुलाला धरून अंगाचा थरथराट करतात आणि पराग बाहेर पडतो. वांग्याचे फूल स्वतःच्या परागावरही फळते, पण अशा भेटींनी फळधारणा सुधारते. कांद्याच्या गोंड्यात पराग आधी गळतात व स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे बियाण्यासाठी कीटकांवाचून गत्यंतर नाही. शिवाय घाममाशी पराग कोरडेच पायांच्या केसांत नेते, मधमाशीसारखे ओले करून गोळी बांधत नाही. त्यामुळे वाटेत पराग सांडतो व पुढच्या फुलाला मिळतो.

काळजी वाटते ती बांधाची. जमीन वाढावी म्हणून बांध कोरून रोटाव्हेटर काठापर्यंत फिरवला जातो, उरलेल्यावर तणनाशक पडते. घाममाशीला हवी असते ती नेमकी घट्ट, उघडी, पाणी न साचणारी जागा : बांधाचा उतार, मुरमाड कड, पायवाट. काळ्या भारी जमिनीच्या शिवारात अशा जागा मुळातच थोड्या. पेटी उचलून दुसरीकडे नेता येते, बीळ नेता येत नाही. तेव्हा दक्षिण किंवा पूर्व बाजूचा थोडा बांध न नांगरता ठेवावा. त्यावर तणनाशक मारू नये. फुलोऱ्यातील पिकावर फवारणी शक्यतो टाळावी. अटळ असेल तर माश्या परतल्यावर, सायंकाळी उशिरा करावी.

बिळे ओळखण्यासाठी उन्हे चढल्यावर बांधाशी पंधरा मिनिटे स्थिर बसावे. पिवळ्या परागाने माखलेल्या पायांची माशी बिळात शिरताना दिसली की ती जागा खुंटी ठोकून राखावी. नमुना हवा असल्यास मेलेली माशी कोरड्या काडेपेटीत कापसावर ठेवून गाव, तारीख व पिकाचे नाव लिहावे आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात दाखवावी. दोनच पंख असतील तर ती फुलमाशी; मधमाशीच्या कुळांना चार पंख असतात, एवढे घरीच पाहून घ्यावे.