कमावलेल्या चामड्याचा पट्टा, आपल्या हातचा



शिलाई, पापड, मसाले हे उद्योग आपल्या बऱ्याच गटांत चालतात. या अंकात जरा वेगळा पाठ घेऊ या : कमरेचा चामडी पट्टा. मशीन लागत नाही, विजेची वाट पाहावी लागत नाही, आणि एक पट्टा नीट जमला की पुढचे दहा जमतात.

आधी चामडं ओळखा

आपण म्हणतो, कातडं ‘कमावलं’. कच्चं कातडं सडतं, कमावलेलं टिकतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं जुन्या पद्धतीनं असंच कमावतात. चुन्यानं केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवायचं. कातड्याची पिशवी शिवून, त्यात हे पाणी भरून टांगून ठेवायचीही रीत आहे. हिरडा आपल्याला नवा नाही. भोरच्या पश्चिमेकडच्या खोऱ्याला हिरडस मावळच म्हणतात.

बाजारात मात्र तीन माल एकाच नावानं विकतात : झाडपाल्यानं कमावलेलं, क्रोमनं कमावलेलं आणि रेक्झिन. रेक्झिन म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर. त्याच्या कापलेल्या काठाला धागे दिसतात. क्रोमच्या चामड्याचा काठ आतून बहुधा निळसर-करडा असतो. झाडपाल्याचं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं, त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तिथं गडद होतं आणि ओल्यावर नखाची खूण उमटते.

आणखी एक खूण. गंजके खिळे दोन-तीन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा आणि त्या पाण्याचा थेंब चामड्याच्या तुकड्यावर टाका. साल-हिरड्याचं असेल तर डाग काळा पडेल. म्हणूनच ओलं चामडं विळीवर, तव्यावर किंवा लोखंडी पत्र्यावर ठेवू नका.

कातडं घरी कमवायच्या भानगडीत पडू नका. चुन्याचं आणि सालीचं सांडपाणी ओढ्याला गेलं तर गावाला त्रास. तयार चामडं घ्या. कोल्हापूरला किंवा मुंबईत धारावीला ते मिळतं. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी 2015 पासून बैलालाही लागू आहे, त्यामुळे म्हशीचं चामडं मागा आणि पक्की पावती गटाच्या फाईलला लावा. पट्ट्यासाठी पाठीकडचा भाग घ्या. पोटाकडचा स्वस्त मिळतो, पण वापरून ताणतो.

सामान

साडेतीन ते चार मिलिमीटर जाडीचं चामडं, दीड इंची बक्कल, दोन स्क्रू रिव्हेट, लोखंडी पट्टी, रापी किंवा धारदार कटर, भोकं पाडायचा पंच, हातोडी, खाली ठेवायला लाकडाचा ओंडका, पॉलिश पेपर, मधमाशीचं मेण, एरंडेल, सुती कापड.

माप

पँटचा नंबर विचारून पट्टा कापू नका. गिऱ्हाईक आता वापरतं तो पट्टा मागा. बक्कल जिथं अडकवलेलं आहे त्या टोकापासून रोजच्या भोकापर्यंत मोजा. समजा 36 इंच आलं. पुढं टोकासाठी 6 इंच, मागं बक्कलाच्या घडीसाठी 3 इंच. एकूण 45 इंच. मधलं भोक 36 वर, त्याच्या दोन्ही बाजूंना इंचाइंचावर दोन-दोन, म्हणजे 34, 35, 36, 37, 38. हे सगळं घडीच्या रेषेपासून मोजायचं, कापलेल्या टोकापासून नाही. इथंच पहिल्या पट्ट्याला घोटाळा होतो.

कृती

1. चामड्याची एक कड पट्टी लावून सरळ करा. तिथून दीड इंच रुंदीची पट्टी कापा. एका जोरात कापू नका. हलक्या हातानं दोन-तीनदा तीच रेघ ओढा.

2. एक टोक गोल किंवा निमुळतं कापा. जाड कागदाचा नमुना केलात तर सगळ्या पट्ट्यांची टोकं सारखी येतील.

3. घडीच्या रेषेवर मधोमध एक इंच लांबीची फट पाडा. दोन्ही टोकांना भोक पाडून मधलं कापायचं. त्यातून बक्कलाची काडी येते.

4. घडीचा भाग आतल्या, खरखरीत बाजूनं रापीनं तासून निम्मा पातळ करा. तसं केलं नाही तर घडी जाड होते आणि कमरेला टोचते.

5. पाच भोकं खूण करून पाडा. पंच उभा धरायचा आणि हातोडीचा ठोका एकच, पण नेमका मारायचा.

6. अर्धा इंच रुंदीची छोटी पट्टी कापा. ही टोक अडकवायची कडी. पट्ट्याच्या दोन थरांभोवती गुंडाळून तिचं माप घ्या आणि दोन्ही टोकं घडीच्या आत जातील एवढी जास्त ठेवा.

फिनिशिंग

गिऱ्हाईक पट्टा हातात घेतं तेव्हा त्याचं बोट आधी काठावर फिरतं. म्हणून घाई इथं करायची नाही.

पॉलिश पेपरनं काठाचे कोपरे मोडा, आधी जाड पेपर, मग बारीक. काठाला ओलं बोट फिरवा आणि लाटण्याच्या मुठीसारख्या गुळगुळीत लाकडानं घासत राहा. काठ घट्ट होतो, चमकू लागतो. मग मेण चोळा आणि जाड सुती कापडानं पुन्हा घासा.

वरच्या बाजूसाठी एक भाग मेण आणि तीन भाग एरंडेल. पातेलं गरम पाण्यात ठेवून मेण वितळवा, थेट आचेवर नको. गार झालेलं मलम कापडावर थोडंसं घेऊन पट्ट्यावर पातळ पसरा. जास्त लावलं तर पट्टा चिकट होतो आणि कपड्याला डाग देतो. आधी तुकड्यावर लावून रंग बघा. रात्रभर सावलीत ठेवा, उन्हात नाही. दुसऱ्या दिवशी कोरड्या कापडानं पुसा. शेवटी बक्कल आणि कडी बसवून रिव्हेट आवळा.

पावसाळ्यात आपल्या भागातली दमट हवा चामड्याला बुरशी आणते. तयार माल प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती कापडात ठेवा. बुरशी दिसली तर घराबाहेर नेऊन कोरड्या कापडानं पुसा आणि वाऱ्याला ठेवा.

मजुरी धरायची का?

धरायचीच. समजा चामडं 250 रुपये, बक्कल-रिव्हेट 60, मेण-तेल 20, वाया गेलेलं आणि हत्यारांची झीज 20. झाले 350. तुमचे चार तास लागले. तासाला 75 धरले तर 300. म्हणजे पट्टा तुम्हाला 650 ला पडला. त्याच्या वर गटाचा वाटा. कुणी म्हणालं, ‘घरीच तर करता, 400 ला द्या,’ तर तुमच्या हातात चार तासांचे 50 रुपये राहतात. तासाला साडेबारा. दरसूची लिहून भिंतीला लावा, म्हणजे घासाघीस करताना एकटीला बोलावं लागत नाही.

कोल्हापुरी चपलेत वेणी विणायचं, शिवायचं काम कितीतरी घरांत बायकाच करतात, पण व्यवहार दुसऱ्याच्या हातात असतो. पट्टा शिकताना हिशोबाची वही पण आपल्याच हातात ठेवू या.

हे काम कुणाचं?

बैठकीत हा प्रश्न कुणीतरी हळूच काढणारच. उत्तर मोठ्यानं देऊ या. ढोर समाजानं कातडं कमावलं, चर्मकार समाजानं त्याच्या वस्तू केल्या. त्यांच्या मोटेनं शेताला पाणी मिळालं, त्यांच्या वहाणेनं पाय वाचले, आणि गावानं मात्र त्यांनाच दूर ठेवलं. त्याच हुन्नराच्या जोरावर 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीनं तशाच चपला दाखवल्या. आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. ओरड झाल्यावर त्यांना भारतातल्या कारागिरीचा उल्लेख करावा लागला.

परक्या कंपनीनं नाव घ्यावं असं आपल्याला वाटतं. मग आपणही घेऊ या. गावात किंवा शेजारच्या गावात चपला शिवणारे दादा, काका असतील तर त्यांना गटात शिकवायला बोलवा, पाहुणे म्हणून बसवा आणि शिकवण्याचे पैसे द्या. रापी कशी धरायची हे कागदावर वाचून येत नाही. त्या घरातल्या ताई गटात असतील तर पहिला शब्द त्यांचा. आणि चामड्याला हात लावायला कुणी कचरत असेल, तर तिच्याशी शांतपणे पण सरळ बोला. आपल्या गटात काम वाटलं जातं, जात नाही.

संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ या समाजासाठी योजना राबवतं. पात्र ताईंनी त्याची चौकशी जरूर करावी.

या महिन्याचं काम

प्रत्येक गटानं एकच पट्टा करावा. विकायला नाही, घरच्या माणसाला रोज वापरायला. महिनाभरात घडी उलते का, भोक ताणतं का, रंग कपड्याला लागतो का, ते वहीत लिहा. वरवे बुद्रुक पुणे–सातारा रस्त्यावर आहे, राजगड-तोरण्याला जाणारी माणसं याच भागातून जातात. गिऱ्हाईक दारावरून जातंय, पण माल पारखल्याशिवाय त्याच्यापुढं मांडू नका. पुढच्या बैठकीला पट्टा आणि वही दोन्ही घेऊन या.