क्रेडिट कोण मोजणार, ते आधी विचारा

मी आमगाव तालुक्यातला. घरची धानाची शेती. दहावीनंतर गोंदियाच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, मग तिरोड्याच्या वीज केंद्रात एका कंत्राटदाराकडे कामाला लागलो. पुढे ती नोकरी सोडून नागपूरला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला आणि बी.ई. झालो. एवढ्या भांडवलावर आता गावातली, नात्यातली पोरं मला विचारायला येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: दादा, डिप्लोम्याचे क्रेडिट धरून, नोकरी न सोडता, वर्षभरात डिग्री देतात म्हणे, खरं आहे का?

देणारे भरपूर आहेत. ती डिग्री मानणारं कुणी नाही.

असा एक गृहस्थ मलाही भेटला होता. शिफ्ट सुटायच्या वेळी चहाच्या टपरीवर तो माहितीपत्रकं वाटत बसायचा. विद्यापीठ दूरच्या राज्यातलं, फी तीन हप्त्यांत. “तुमचा तीन वर्षांचा डिप्लोमा, वरून कामाचा अनुभव, सगळ्याचे क्रेडिट ट्रान्सफर होतात जी. फक्त शेवटचं वर्ष उरते.” मी विचारलं, मधल्या सेमिस्टरच्या मार्कशीट कोणत्या सालच्या मिळतील? तो म्हणाला, “साल तुम्ही सांगाल ते टाकू.” मी चहाचे पैसे देऊन उठलो. माझ्यासोबतच्या एकाने मात्र हप्ते भरले. डिग्री हातात आली, घरी पेढे वाटले गेले. पुढे सरकारी भरतीत कागदपत्रांच्या पडताळणीला घोडं अडलं. मार्कशीट ज्या दिवशी त्याने दूरच्या शहरात पेपर दिला म्हणते, त्या दिवशी तिरोड्याच्या हजेरीपटावर त्याची सही. पैसे गेले ते गेलेच, वयोमर्यादेतली उरलेली वर्षंही त्याच भानगडीत संपली.

हा धंदा काही आजचा नाही. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला. काही अभिमत विद्यापीठं तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची, मान्यता न घेता पत्राने इंजिनिअरिंग शिकवत होती. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या आणि त्यांना एका परीक्षेची संधी दिली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. खटल्याचं मूळ होतं ओडिशाच्या उपसा सिंचन महामंडळातल्या बढत्यांमध्ये. डिप्लोमावाले नोकरी करता करता अशी डिग्री आणून बढती मागत होते. म्हणजे आपल्यासारखेच लोक. २०२० च्या यूजीसी नियमांनी तर दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने इंजिनिअरिंगची पदवी देण्याला साफ मनाई केली आहे. जुने लोक एएमआयईचं नाव काढतात. ती परीक्षा घेणारी ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ १९२० पासूनची, आब असलेली संस्था आहे. पण तिच्या परीक्षेला पदवीची बरोबरी मिळते ती ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच. काकांनी केलं होतं म्हणून तुम्ही करू नका.

मग खरंखुरं क्रेडिट ट्रान्सफर कुठे आहे? ते आपल्या डोळ्यांसमोरच आहे, फक्त त्याला कुणी या नावाने हाक मारत नाही. डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात बसवतात, म्हणजे पहिलं अख्खं वर्ष त्याच्या खात्यावर जमा धरतात. महाराष्ट्रात त्यासाठी डिप्लोम्याला ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. सीईटी नाही, डिप्लोम्याच्या टक्क्यांवर राज्याच्या सीईटी सेलची कॅप फेरी होते. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही असंच डिप्लोम्याच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

इथे एक हिशेब घरच्यांना समजावून सांगावा लागतो. दहावी, तीन वर्षं डिप्लोमा, तीन वर्षं डिग्री. किंवा दहावी, दोन वर्षं अकरावी-बारावी, चार वर्षं डिग्री. दोन्हीकडे सहाच. वेळ एक दिवसही वाचत नाही, वाचतो तो पैसा. सरकारी तंत्रनिकेतनाची फी काही हजारांत असते, सीईटीच्या क्लासचे पैसे वाचतात, इंजिनिअरिंग कॉलेजची एका वर्षाची फी वाचते. आणि धान पडलं, घरात आजारपण आलं, मधेच शिक्षण सोडावं लागलं, तर हातात डिप्लोमा तरी असतो. बारावीनंतर गेलेला दुसऱ्या वर्षाला अडकला तर त्याच्याकडे बारावीशिवाय काही नसतं. माझ्या मते आपल्या भागातल्या पोराला डिप्लोम्याची वाट धरायला हे शेवटचं कारण सगळ्यात मोठं आहे.

आता ‘क्रेडिट बँक’. यूजीसीने २०२१ मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आणली आणि दलालांना नवा शब्द मिळाला. ही बँक खरी आहे, खातं सगळ्यांनी उघडावं. पण तिचे नियम त्या माहितीपत्रकांत कधी छापलेले नसतात. २०२१-२२ च्या आधी मिळवलेलं क्रेडिट तिच्यात जमा होत नाही. जमा झालेलं जास्तीत जास्त सात वर्षं टिकतं. आणि ज्या संस्थेची पदवी हवी, तिथे किमान निम्मे क्रेडिट स्वतः बसून मिळवावे लागतात. बँक फक्त नोंद ठेवते. ते क्रेडिट आपल्या पदवीत धरायचे की नाही, हे पदवी देणारं विद्यापीठ ठरवतं. नोकरीचा अनुभव सांगून तीन वर्षं उडवणारा माणूस म्हणूनच खोटं बोलतोय हे लगेच कळतं. पैसे देण्याआधी त्याला नाही, जिथून पदवी मिळणार त्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला विचारायचं: माझे हे विषय तुम्ही धरता का? उत्तर कागदावर, सही-शिक्क्यासह घ्यायचं.

कॉलेज मधेच बदलणाऱ्यांनाही हेच. स्वायत्त कॉलेजचा अभ्यासक्रम वेगळा, विद्यापीठाचा वेगळा. माझ्या बॅचमधला एक जण घराजवळ म्हणून दुसऱ्या कॉलेजात गेला. तिथे गेल्यावर कळलं की त्याने पास केलेले दोन विषय नव्या यादीत नाहीत आणि यादीतले दोन त्याने केलेले नाहीत. एटीकेटी नसलेला हुशार मुलगा, पण मागच्या सेमिस्टरचे पेपर देत बसला.

क्रेडिट स्वस्तात मिळवायची एक सरळ जागा आहे ती ‘स्वयम’. आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलचे कोर्स तिथे फुकट असतात, पैसे लागतात ते फक्त परीक्षेचे. बारा आठवड्यांच्या कोर्सला साधारण तीन क्रेडिट मिळतात, आणि नियमाने एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय असे करता येतात. पण इथेही कॉलेजची परवानगी आधी लागते. परीक्षा झाल्यावर सर्टिफिकेट घेऊन विभागप्रमुखांपुढे उभं राहिलं तर ते कौतुक करतील, क्रेडिट देतीलच असं नाही.

फीचं आता. ‘कॅपची वाट कशाला बघता, सीट आजच पक्की करा’ असं सांगणारी माणसं जून महिन्यात गोंदियाच्या स्टेशनवर उतरायला लागतात. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला सरकारची फीमाफी नाही, हे ती सांगत नाहीत. कॅपमधून गेलो म्हणून ओबीसी प्रवर्गात माझी निम्मी शिक्षण फी माफ झाली. खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून तशीच निम्मी मिळते. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून सरकारने आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे, तेव्हा बहिणीला डिप्लोम्यावरच थांबवायचं कारण आता फीचं तरी राहिलेलं नाही. कॉलेजची खरी फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या यादीत बघायची, माहितीपत्रकात नाही. सरकारी कॉलेजं आपल्यापासून फार लांब नाहीत: नागपूरचं २०१६ मध्ये निघालं, चंद्रपूरचं १९९६ पासून आहे आणि गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणारी गाडी चांदा फोर्टला सोडते.

जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर डिप्लोम्याच्या शेवटच्या वर्षालाच काढायला टाका. तहसील आणि पडताळणी समितीच्या चकरा रोवणीच्या दिवसांत कुणाच्याच घरी परवडत नाहीत, आणि नेमक्या त्याच दिवसांत कॅप सुरू होते.

गणिताबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश उशिरा होतात. आपण वर्गात जातो तेव्हा बाकीची मुलं तिसऱ्या सेमिस्टरच्या मध्यावर असतात. त्यांची पहिल्या वर्षाची दोन गणितं झालेली असतात, आपल्या खात्यावर ती जमा धरलेली असतात, पण डोक्यात नसतात. समोर एम-थ्री: लाप्लास, पार्शल डिफरन्शिअल समीकरणं. डिप्लोमावाले धडाधड पडतात ते इथे. निकाल लागल्यापासून कॅपची यादी लागेपर्यंतचा उन्हाळा-पावसाळा एनपीटीईएलवर इंटिग्रेशन आणि मॅट्रिक्स करण्यात घालवा. वर्कशॉप, ड्रॉइंग, मशीन यांत आपण पुढेच असतो.

नोकरी सोडणं ज्यांना शक्यच नाही त्यांच्यासाठी एआयसीटीईने २०२३ पासून नोकरदारांचे सोयीच्या वेळेतले वर्ग सुरू केलेत. किमान एक वर्षाचा अनुभव लागतो आणि कामाची जागा कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत असावी लागते. मागच्या महिन्यात देवरीचा एक जण हेच विचारायला आला होता. मी त्याला एवढंच सांगितलं: ज्या कॉलेजचं नाव सांगतोस त्याला या वर्गांची मान्यता यंदाच्या वर्षासाठी आहे का, ते एआयसीटीईच्या यादीत आधी पाहा, अंतर मोज, आणि तोवर कुणाला टोकन म्हणून पाचशे रुपयेही देऊ नको.