झिजलेला भाग वेळीच बदला

कुकरची शिटी आपण रोज ऐकतो. दाब वाढला की शिटी उचलते आणि जादा वाफ निघून जाते. साखर कारखान्यातही वाफच राबते, पण तिचा जोर फार मोठा. तिथे उसाची चिपाडे जाळून बॉयलरमध्ये वाफ करतात. त्या वाफेवर टर्बाइन फिरते. रस आटवायला मात्र कमी दाबाची वाफ पुरते. म्हणून वाटेत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवतात.

साध्या व्हॉल्व्हात मुख्य भाग चार. एक स्प्रिंग, एक पातळ पडदा, एक झाकण आणि झाकण टेकते ती बैठक. बैठकीला फिटर लोक सीट म्हणतात. स्प्रिंग झाकण उघडे ठेवू पाहते. पुढच्या नळीत दाब वाढला, की तो पडद्याला रेटतो आणि झाकण मिटते. दाब उतरला, की स्प्रिंग ते पुन्हा उघडते. तराजूच्या दोन पारड्यांसारखाच हा प्रकार आहे.

वाफेबरोबर पाण्याचे थेंब आणि गंजाचे कण येतात. ते सीटला खातात. एकदा बारीक चरा पडला, की वाफ त्यातून धावते आणि चरा वाढतच जातो. मग झाकण मिटले तरी वाफ निसटते. पडदा फाटला तर झाकण सताड उघडे राहते. पुढची नळी तर कमी दाबासाठी केलेली! अशा वेळी माणसे वाचतात ती पुढच्या सेफ्टी व्हॉल्व्हमुळे. त्याच्यावर वजन टांगणे किंवा त्याला तारेने बांधणे म्हणजे मरणाला बोलावणे होय.

झीज कशी ओळखावी? पुढे वाफेचा वापर बंद असूनही तिकडच्या दाबमापकाचा काटा चढत असेल, तर सीट गळते आहे असे समजावे. लगेच वरिष्ठांना सांगावे.

भाग बदलणे हे जाणत्या फिटरचे काम. पण मदतनीसालाही क्रम ठाऊक हवा.

१. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून कुलूप व पाटी लावावी.
२. अडकलेली वाफ सोडावी. नुसत्या काट्यावर भिस्त ठेवू नये. निचऱ्याची तोटी उघडून खात्री करावी.
३. नळी थंड होऊ द्यावी.
४. आधी स्प्रिंगचा ताण सैल करावा, मगच बोल्ट खोलावेत.
५. सीट आणि झाकण शक्यतो जोडीने बदलावे. माप आणि धातू तोच हवा. ‘चालून जाईल’ म्हणून दुसरा तुकडा बसवू नये.
६. बोल्ट समोरासमोरचे आवळावेत. वाफ हळूहळू सोडावी.

कलकत्त्यात १८६३ साली बॉयलर फुटून माणसे दगावली. त्यानंतर १८६४ साली बंगालात बॉयलर तपासणीचा कायदा झाला. पुढे १९२३ साली देशासाठी कायदा आला, आणि २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. कायद्यामागे गेलेले जीव आहेत, हे आपण विसरू नये.

गळीत हंगाम संपला, की कारखाना उभा असतो. दुरुस्तीची खरी वेळ तीच. ऐन हंगामात व्हॉल्व्ह बिघडला तर कारखाना थांबतो, तोडलेला ऊस वाळतो आणि शेतकऱ्याचे वजन घटते. म्हणून आम्ही म्हणतो, झीज दिसली की भाग बदला. भाग पुन्हा मिळतो. गेलेला माणूस मिळत नाही.