हळदीला जादा मोजा, गुलाबी मिठाला नको

महिन्याच्या किराण्यात हल्ली काही महागड्या वस्तू शिरल्या आहेत. ऑलिव्ह ऑइल, गुलाबी मीठ, किनोआ, काचेच्या बरणीतला मध. पुण्याहून सुटीला आलेली लेकरं आणतात, नाहीतर व्हिडिओ पाहून मागवल्या जातात. तपासणी झाली की रुग्ण दाराशी थबकून विचारतात, "डॉक्टरसाहेब, बीपीला गुलाबी मीठ चालतंय ना?" त्याच घरातली हळद पूड मात्र सुटी, सगळ्यात स्वस्त मिळाली ती घेतलेली असते. माझं सांगणं याच्या नेमकं उलट आहे. हात सैल सोडायचाच असेल तर आधी हळदीवर सोडा.

आपण हिंगोलीकर तर हळदीच्या घरातच राहतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी आपल्याच स्वयंपाकघरात कुठली तरी भडक पिवळी पूड येते, हे मला पटत नाही. हळद उकरून शिजवतात, वाळवतात आणि मग ड्रममध्ये घालून पॉलिश करतात. हळकुंड निकृष्ट असेल, कीड लागलेलं असेल, तर ते झाकायला पॉलिश करताना किंवा दळताना लेड क्रोमेट मिसळलं जाण्याचा धोका असतो. हा रंगकामात वापरला जाणारा पिवळा रंग आहे आणि त्यात शिसं असतं. शिशाची सुरक्षित मानावी अशी मात्राच नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते बाधतं, गरोदर बाईच्या रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत जातं, मोठ्यांचा रक्तदाब वाढवतं. वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं तरी बाहेरून काही दिसत नाही, म्हणून मला त्याची जास्त धास्ती वाटते.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियाच्या पाहणीत पाटणा, गुवाहाटी, कराची आणि पेशावरच्या हळदीत शिशाचं प्रमाण फार जास्त आढळलं. पण हे थांबवता येतं. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं. सरकारने छापे घातले, दंड केले, लोकांना समजावलं आणि २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं.

घरी काय करायचं? शक्यतो अख्खी हळकुंडं घ्या, ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतलीत तर उत्तमच, आणि डोळ्यांसमोर दळून आणा. एक हळकुंड पेलाभर पाण्यात टाकून पाहा. पाण्यात लगेच भडक पिवळा रंग उतरला तर ती हळद घेऊ नका. पूडच घ्यायची असेल तर चमचाभर पाण्यात सोडा. चांगली पूड खाली बसताना पाणी फिकट पिवळं होतं, रंग घातलेली असेल तर गडद. ही चाचणी ढोबळ आहे, खात्री प्रयोगशाळेतच होते. म्हणून पाकीट घेताना उत्पादकाचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक छापलेला पाहा. खर्चाचा हिशेबही करू. माणशी दिवसाला दोन ग्रॅम धरली तरी चौघांच्या घराला वर्षाला तीन किलोच्या आतच हळद लागते. किलोमागे शंभर रुपये जादा दिले तरी वर्षाचे तीनशे.

हळद चांगली म्हणून तिच्या अर्काच्या गोळ्याही चांगल्या, असं मात्र धरू नका. भाजीतल्या चिमूटभर हळदीत कर्क्युमिन थोडंसंच असतं. गोळीत ते कितीतरी जास्त असतं आणि शरीरात जास्त शोषलं जावं म्हणून वर मिऱ्याचा अर्क घातलेला असतो. २०१९ साली इटलीत अशा गोळ्या घेणाऱ्यांना यकृताची सूज आल्याचे रुग्ण एकामागून एक आढळले होते. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील, तर या गोळ्या मनाने घेऊ नका.

तेलाला थोडे जादा पैसे मोजायला माझी हरकत नाही, पण ते ऑलिव्हवर घालवायची गरज नाही. मराठवाडा हा करडईचा मुलूख, परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईचं 'परभणी कुसुम' हे वाण दिलं. घाण्याचं करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल ताजं, थोडं थोडं आणा. शेंगदाण्याला बुरशी असेल तर तिचं विष घाण्याच्या तेलात उतरतं, म्हणून दाणे निवडून गाळणारा घाणेवाला शोधा. करडईचं तेल फोडणीला वापरा, तळणीला पुन्हा पुन्हा तापवू नका. आणि तेल कितीही भारी असलं तरी चौघांना महिन्याला तीन किलो पुरे.

गुलाबी मीठ म्हणजे सैंधवाचंच भावंड. त्यातही बहुतेक सगळं सोडियम क्लोराइडच असतं, त्यामुळे बीपी कमी होत नाही. उलट आयोडीन मिळत नाही, आणि गरोदर बाईला व वाढत्या मुलांना तेच हवं असतं. साधं आयोडीनयुक्त मीठ आणा आणि दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत ठेवा. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे यांतलं मीठही त्यातच धरायचं. किनोआबद्दल एवढंच, की ज्वारीची भाकरी आणि सोबत वरण किंवा मोड आलेली मटकी असेल तर त्याच्यावाचून काही अडत नाही.

उरला मध. २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने तेरा ब्रँड तपासले, तेव्हा सगळ्या कसोट्यांना फक्त तीन उतरले. शुद्ध मिळाला तरी मधुमेह्याच्या रक्तात तो साखरच वाढवतो. बाळ जन्मल्यावर मध चाटवायची रीत आपल्याकडे अजून आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला तो बिलकूल देऊ नका, घुटीतूनही नाही. मधात बोटुलिझमचे जंतू सुप्त असू शकतात. ते बाळाच्या आतड्यात वाढले तर स्नायू लुळे पडतात. मध चाटवलेल्या बाळाला शी होत नसेल, ते ओढून दूध पीत नसेल, रडणं क्षीण आणि मान ढिली झाली असेल, तर घरचे उपाय करत बसू नका. तडक जिल्हा रुग्णालय गाठा आणि बाळाला मध दिला होता हे डॉक्टरांना आधी सांगा.