अवजारांच्या मुठींचे लाकूड : वाळवण व जतन

कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला म्हणजे ती रात्रभर पाण्यात घालून ठेवावी, असा आपल्याकडे सार्वत्रिक प्रघात आहे. सकाळी दांडा घट्ट बसलेला दिसतो. परंतु दुपारच्या उन्हात तोच दांडा पूर्वीपेक्षाही अधिक हलू लागतो. अशा वेळी निसटलेले पाते कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसतो. धाराशिव जिल्ह्याच्या बालाघाट भागातून दसरा-दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीस जातात. त्यांचे पोट कोयत्याच्या मुठीवर अवलंबून असते. तोडणाऱ्या जोडप्याची गणनाही ‘एक कोयता’ अशीच होते. म्हणून हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाही, असे आम्हांस वाटते.

पाण्याचा उपाय का फसतो, हे प्रथम पाहू. भिजलेले लाकूड फुगू पाहते, पण भोवतीचे लोखंड त्यास जागा देत नाही. त्यामुळे लाकडाचे तंतू आतल्या आत चेंगरतात. पुढे पाणी उडून गेले म्हणजे चेंगरलेला भाग मूळच्यापेक्षाही बारीक होतो. तेव्हा दर भिजवणीगणिक दांडा अधिकच बिघडत जातो. खरा दोष बहुधा आरंभीच झालेला असतो, तो म्हणजे ओल्या लाकडाचा दांडा बसविणे.

ओल्या लाकडातील पोकळ्यांत भरलेले पाणी जाईपर्यंत लाकूड आटत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या शेकडा २८ ते ३० च्या खाली उतरला म्हणजे आटणे सुरू होते. हे आटणे सर्व बाजूंनी सारखे नसते. वर्तुळाच्या दिशेने ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या सुमारे दुप्पट असते. म्हणूनच अख्खा गोल ओंडका वाळताना हमखास तडकतो. तीस मिलिमीटर जाडीचा दांडा शेकडा पाच आटला, तर दीड मिलिमीटर फट पडते. एवढी फट पाते सुटण्यास पुरेशी आहे.

आपल्या भागात मुठीस बाभूळ उत्तम. तिचा आतील तांबूस-पिंगट गाभा जड व चिवट असतो. बाहेरील पांढरे लाकूड मात्र पिठूळ असल्याने त्यास किडा लागतो व भुगा पडू लागतो. ते तासून टाकावे. तोड मार्गशीर्ष-पौषात करावी, कारण थंडीत वाळवण सावकाश होते. ओंडका तोडताच मधोमध उभा चिरावा, मुठीपेक्षा बोटभर जाड फाळके काढावेत व दोन्ही तोंडांस मेण किंवा शेण-मातीचा जाड लेप द्यावा. टोकांतून पाणी फार त्वरेने जाते. ते रोखले नाही तर चिरा आत शिरतात. नंतर फाळके सावलीत, जमिनीपासून उंच, मध्ये काटक्या घालून वारा खेळेल असे रचावेत. माळवदाच्या घराची ओसरी यास योग्य. उघडे माळवद योग्य नाही, कारण तेथे थेट ऊन लागते.

वाळले की नाही हे तारखेवरून न ठरविता तराजूवरून ठरवावे. एका फाळक्यावर खूण करून दर पंधरवड्यास त्याचे वजन लिहून ठेवावे. लागोपाठ तीन वजने सारखी भरली म्हणजे त्या ऋतूपुरते ते वाळले. ‘त्या ऋतूपुरते’ हे शब्द आम्ही मुद्दाम घातले आहेत. श्रावणात हवाच दमट असते. तेव्हा वजन स्थिर झाले तरी चैत्रात लाकूड पुन्हा आटेल. म्हणून अखेरची परीक्षा चैत्र-वैशाखात घ्यावी, मूठ तेव्हाच घडवावी व पाचर मारून बसवावी.

त्यानंतर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात पुरता सुकल्यावर दुसरा द्यावा. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. भुईमुगाचे तेल तसे होत नाही, चिकट राहते. तेलाने ओलाव्याची ये-जा मंदावते, पण थांबत नाही. म्हणून ओल्या लाकडाची उणीव तेलाने भरून निघत नाही. एक सावधगिरी अवश्य घ्यावी: जवसाच्या तेलाचे बोळे आपोआप तापून पेट घेतात. ते गोळा करून टाकू नयेत व कडब्याच्या गंजीजवळ तर मुळीच नेऊ नयेत. उघड्यावर पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोम व सोमल यांच्या क्षारांचे लाकूड-रक्षक मिश्रण शोधून काढले. ते खांबांसाठी प्रसिद्ध पावले. परंतु सोमल विष असल्यामुळे हातात धरावयाच्या मुठीस ते लावू नये. अलीकडे चाकूच्या मुठींसाठी लाकडातील हवा यंत्राने ओढून घेऊन आत राळ मुरवितात. ही रीत मऊ लाकडास उपयोगी असून, तीसही लाकूड अगदी कोरडेच लागते. बाभळीचा घट्ट गाभा राळ फारशी घेत नाही, व त्यास तिची गरजही नाही.

खर्च म्हणाल तर थोडेसे तेल, एक तराजू आणि चार-पाच महिन्यांचा धीर. येत्या हिवाळ्यात प्रत्येक वाड्यात दहा-वीस फाळके रचून ठेवले, तर ऐन हंगामात ओले लाकूड तासण्याची वेळ येणार नाही.