हिरव्या टोपीच्या भरवशावर राहू नका

नवे टायर टाकायला गेलात की बिल होता होता टायरवाला विचारतोच, "साहेब, नायट्रोजन टाकायचं ना?" होय म्हटलं की बिल थोडं फुगतं आणि चारही वॉल्व्हवर हिरव्या टोप्या बसतात. पुण्यातल्या दुकानात मीही होय म्हटलं होतं. त्यासोबत चार आश्वासनं फुकट मिळाली: टायर थंड राहतो, मायलेज वाढतं, टायर फुटत नाही आणि आता वर्षभर हवा बघायला नको. पहिली तीन ऐकून सोडून देता येतात. चौथं मात्र जिवावर बेतू शकतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

ऐन मे महिन्यात आम्ही पुण्याहून नागपूरला निघालो होतो. गाडीत चार माणसं, डिकी सामानाने गच्च. छत्रपती संभाजीनगरजवळ समृद्धी महामार्गावर चढण्याआधी मी पंपावर थांबून खिशातलं गेज लावलं. समृद्धीवर सिमेंटचा सरळसोट रस्ता, ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आणि दुपारचं ऊन; तिथे टायर बघूनच जावं असा माझा शिरस्ता आहे. तीन टायर चालून तापलेले होते, त्यांत हवा 36 पीएसआय दिसली. सकाळी थंड असताना ती 33 असणार, म्हणजे ठीकच. मागच्या डाव्या टायरमध्ये मात्र 24! नुसतं बघून काही कळत नव्हतं, कारण रेडियल टायर नीट भरलेला असला तरी खाली जरा बसल्यासारखाच दिसतो.

पंपावरच्या मुलाने हिरवी टोपी पाहिली आणि हात आखडता घेतला. "काका, नायट्रोजनचं मशीन बंद आहे. साधी हवा टाकू नका, मिक्स झाली की टायर खराब होतो. पुढे मिळेल." मेहुण्यांनीही दुजोरा दिला, "पुढेच बघू ना, पैसे मोजून भरलेली हवा आहे ती." मी म्हटलं, "अरे बाळा, तू साधीच टाक. छत्तीस. बाकीच्यांइतकी." त्याने नाइलाजाने भरली. शेजारच्या पंक्चरवाल्याने साबणाचं पाणी टाकल्यावर एका बारीक खिळ्याभोवती बुडबुडे आले. पॅच मारला आणि आम्ही पुढे निघालो.

त्या मुलाचा दोष नव्हता. त्याला जे सांगितलं गेलं तेच तो पुढे सांगत होता. पण त्याचं ऐकून निघालेली गाडी कोणत्या अवस्थेत धावली असती, याचा विचार करा. हवा कमी असली की टायरची साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. ही सततची उलथापालथ रबर आतून तापवते. वेग आणि वजन वाढेल तशी उष्णता वाढते. शेवटी रबर आणि आतल्या दोऱ्यांची पकड सुटते आणि टायर फाटतो. उन्हात "हवा जास्त झाली म्हणून टायर फुटला" असं आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात कमी हवा, जादा ओझं, जुनं रबर आणि वेग ही चौकडी कितीतरी जास्त घातक आहे. नायट्रोजन भरलेल्या टायरलाही खिळा लागतो आणि भोकातून नायट्रोजनही तितक्याच मुकाट्याने निघून जातो.

आता मिसळण्याच्या भीतीविषयी. आपण श्वासात घेतो त्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो, 21 टक्के ऑक्सिजन आणि उरलेल्या एका टक्क्यात बहुतेक आर्गॉन. त्यामुळे नायट्रोजनच्या टायरमध्ये साधी हवा टाकली तर शुद्धता थोडी घटते, इतकंच. रबराला, रिमला किंवा वॉल्व्हला त्याने काही होत नाही.

उलट गंमत अशी की पैसे देऊन घेतलेला नायट्रोजनही बऱ्याचदा शुद्ध नसतो. टायरमधली हवा पूर्ण सोडली तरी त्यात वातावरणाच्या दाबाची हवा उरतेच. त्यावर 98 टक्के शुद्ध नायट्रोजन 33 पीएसआयपर्यंत भरला, तर हिशेबाने आत 8 टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन राहतो. खरोखर 95 टक्क्यांच्या वर जायचं तर टायर रिकामा करून पुन्हा भरावा लागतो. आणि साध्या हवेच्या टायरमध्ये 28 वरून 33 पर्यंत नुसता नायट्रोजनचा "टॉप-अप" मारला, तर ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून जेमतेम 19 वर येतो. त्या टॉप-अपचे पैसे मोजणं म्हणजे समुद्रात साखर टाकून चहाची वाट बघणं.

टायर थंड राहतो, हा दावाही तपासून घेऊ. तापलं की नायट्रोजन फुगतो आणि हवाही तितकीच फुगते. या दाबांना दोन्हींचा नियम एकच आहे. मेच्या दुपारी 42 अंशांत 33 भरून ठेवलेला टायर डिसेंबरच्या पहाटे 12 अंशांत 28-29 दाखवेल. त्यासाठी गळती लागत नाही आणि आत कोणता वायू आहे याने फरक पडत नाही. फरक पडतो तो पाण्याच्या वाफेने. कंप्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी कुणी सोडत नसेल, तर हवेबरोबर ओलावाही टायरमध्ये जातो आणि गरम झाल्यावर दाब थोडा जास्त चढतो. शिवाय लोखंडी रिमला आतून गंज धरू शकतो. नायट्रोजन कोरडा असतो, हा त्याचा खरा गुण. पण कंप्रेसरची निगा राखलेली असेल तर साधी हवाही पुरेशी कोरडी मिळते.

दुसरा खरा गुण म्हणजे गळती कमी. रबर कितीही चांगलं असलं तरी त्यातून वायू सूक्ष्म प्रमाणात पाझरतोच, आणि ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर पाझरतो. किती फरक पडतो, हे अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेने तपासलं. 31 प्रकारच्या टायरच्या जोड्या घेऊन प्रत्येक जोडीतल्या एकात हवा आणि दुसऱ्यात नायट्रोजन भरला आणि वर्षभर ते उघड्यावर ठेवले. सुरुवात 30 पीएसआयपासून. 2007 मध्ये निष्कर्ष आले: हवेच्या टायरचा दाब सरासरी 3.5 ने उतरला, नायट्रोजनच्या टायरचा 2.2 ने. म्हणजे वर्षाचा फरक 1.3 पीएसआय. शून्य गळती कुठेच नव्हती.

हाच आकडा मायलेजला लावून बघा. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या हिशेबाने चारही टायरचा दाब सरासरी 1 पीएसआयने घटला तर इंधनक्षमता साधारण 0.2 टक्क्यांनी कमी होते. वर्षाला 10,000 किलोमीटर चालणाऱ्या, लिटरला 18 किलोमीटर देणाऱ्या गाडीत 1.3 पीएसआयच्या फरकाने वर्षाकाठी दीड लिटरही पेट्रोल वाचत नाही. आणि महिन्याला हवा तपासणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर हा फरक उरतच नाही.

"मग विमानात का भरतात?" हा प्रश्न मेहुण्यांनी समृद्धीवरच विचारला होता. विमानाचं कारण वेगळं आहे. उतरताना ब्रेक प्रचंड तापतात, वर आकाशात हवा गोठवणारी असते, आणि तापलेल्या टायरमध्ये रबरातून सुटलेले वायू व ऑक्सिजन एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. 31 मार्च 1986 रोजी मेक्सिकोत मेक्सिकाना कंपनीचं बोइंग 727 विमान कोसळलं. त्याच्या चाकात नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती, घासणाऱ्या ब्रेकमुळे टायर तापला आणि उड्डाणानंतर त्याचा स्फोट झाला. 167 जण गेले. त्यानंतर मोठ्या प्रवासी विमानांच्या ब्रेक लागणाऱ्या चाकांत ऑक्सिजन 5 टक्क्यांहून जास्त नसावा, असा नियम अमेरिकेत आला. आपल्या हॅचबॅकच्या वाट्याला असे ब्रेक आणि अशी उंची येत नाही.

मग नायट्रोजन घ्यावा कुणी? गाडी महिनोनमहिने उभी राहत असेल, मालक परदेशात असेल, तर थोडी कमी गळती कामाची आहे. लोखंडी रिम असतील आणि परिसरात कोरडी हवा मिळतच नसेल, तरीही विचार करावा. नव्या टायरसोबत फुकट मिळत असेल तर खुशाल घ्या. पण त्यासाठी दर महिन्याला पैसे मोजणं किंवा लांबच्या पंपापर्यंत हेलपाटा मारणं यात शहाणपण नाही. पंपावरची साधी हवा ग्राहकाला मोफत देणं तेल कंपन्यांच्या नियमांनुसार पंपचालकावर बंधनकारक आहे. "हवा बंद आहे, नायट्रोजन आहे" असं ठरावीक उत्तर दर वेळी मिळत असेल, तर तक्रारवही मागा.

वाचलेल्या पैशांतून एक चांगलं गेज घ्या. ते चारपाचशे रुपयांत मिळतं. त्यानंतर एवढं सांभाळा:

1. हवा महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी तपासा. तेव्हा टायर थंड असायला हवा: गाडी निदान तीन तास उभी असावी किंवा दोनेक किलोमीटरच चाललेली असावी.

2. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे लिहिलेला असतो. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. टायरच्या अंगावर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तो भरायचा नसतो.

3. "उन्हाळा आहे, दोन पॉइंट कमी ठेवा" हा सल्ला ऐकू नका. टायर तापल्यावर दाब वाढणार, हे धरूनच कंपनीने थंड टायरचा आकडा ठरवलेला असतो. तापलेल्या टायरमधली हवा सोडू तर मुळीच नका.

4. एकच टायर इतरांपेक्षा सतत कमी दाखवत असेल तर नुसती हवा भरून भागवू नका. खिळा, वॉल्व्ह किंवा रिमची कड तपासून घ्या.

5. डॅशबोर्डवर टायरचा दिवा लागण्याची वाट बघू नका. पुष्कळ गाड्यांत तो दाब चांगलाच उतरल्यावर लागतो.

6. टायरच्या खाचा 1.6 मिलिमीटरपर्यंत झिजल्या की टायर बदला. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे पृष्ठभागाला टेकले, की ती वेळ आली असं समजा.

7. टायरवर छापलेले शेवटचे चार आकडे बघा. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. "नवा" म्हणून विकत घेतानाही हे बघून घ्या.

8. स्टेपनीची हवा त्याच वेळी बघा. गरज पडते तेव्हा नेमकी तीच बसलेली असते.

आणि हवा कमी असेल तर जी हाताशी मिळेल ती ताबडतोब भरा. हिरवी टोपी असो वा काळी, कमी दाबाने धावणाऱ्या टायरला आत कोणता वायू आहे याची फिकीर नसते. नायट्रोजन वाईट नाही, पण तो ऐच्छिक आहे. महिन्याला गेज लावणं मात्र ऐच्छिक नाही.